दुसरी चावी

नागपूरच्या बेसा भागातल्या त्या सोसायटीत राहायला आल्यावर पहिल्याच आठवड्यात शरच्चंद्र सगदेवांनी दूधवाल्याचं माप, पाण्याच्या टाकीचं झाकण आणि सेक्रेटरीचा हिशेब तपासून घेतला. सगळंच ठीक निघालं, आणि तेव्हापासून सोसायटीवरचा त्यांचा संशय अधिकच वाढला. इतकं सगळं ठीक कसं असेल? पाणी कुठेतरी मुरतंय, असं ते बायकोला, चारुशीलाबाईंना सांगत. बाई म्हणत, मुरू द्या, आणि भाजी चिरत राहत.

यात सगदेवांचा फारसा दोष नव्हता. जन्मभर त्यांनी गाड्यांच्या विम्याचे सर्व्हेअर म्हणून काम केलं होतं. अपघात झालेली गाडी पाहायची, मालकाची कहाणी ऐकायची आणि तिच्यात भोक कुठे आहे ते शोधायचं, हाच धंदा. जंगलातून रोही आडवा आला म्हणून गाडी झाडावर गेली, असं शपथेवर सांगणाऱ्याच्या बंपरवर त्यांना शेजाऱ्याच्या फाटकाचा निळा रंग सापडायचा. गाडी चोरीला गेली म्हणणाऱ्याला ते आधी एवढंच म्हणत: दोन्ही चाव्या दाखवा. एक चावी पुढे करून दुसरी कुठे पडली कोण जाणे म्हणणारा माणूस बहुधा चोराचा सोयरा असतो, यावर त्यांची देवापेक्षा जास्त श्रद्धा होती. सगदेव निवृत्त झाले, पण त्यांची नजर काही निवृत्त झाली नाही.

त्यांच्याकडे एक लांबोडकी गाडी होती. डिक्कीच्या जागी मागे ऐसपैस जागा, सीट पाडली की एक माणूस आडवा झोपेल एवढी. कंपनीने ती केव्हाच बंद केली होती आणि सोसायटीतली मंडळी तिला पाठीमागे शववाहिका म्हणत. टेम्पोवाल्याच्या भरवशावर फ्रिज सोडायचा नाही, म्हणून सगदेवांनी मुद्दाम अशी गाडी घेतली होती. गाडी डांबरी रस्त्यावर गुणाची होती. अडचण एकच होती, ती पिपरीच्या रस्त्याची.

पिपरी म्हणजे कुहीच्या पलीकडे, धानाच्या बांध्यांमधलं आडगाव. तिथे त्यांची एकुलती एक मुलगी अबोली राहत होती. चारुशीलाबाई स्वतः गाडी चालवत दर महिन्याला तिच्याकडे जात. कुहीपर्यंत ठीक, पुढे बैलगाड्यांच्या चाकोऱ्या आणि एक नाला. उन्हाळ्यातही लांबोडकीचं पोट चाकोरीच्या वरंब्यावर टेकायचं आणि चाकं हवेत फिरायची. मागच्या खेपेला गावातल्या चार बाप्यांनी ती उचलून काढली होती.

"अहो, ऑगस्टमध्ये पोरीचे दिवस भरतील," चारुशीलाबाई म्हणाल्या. "तेव्हा नाल्यात ही गाडी अडकली तर मी काय पोहत जाऊ? उंच गाडी घ्या. चारही चाकं ओढणारी."

सगदेव कबूल झाले. गाडी घेऊन देतो, म्हणाले, पण मी काही येणार नाही.

ते पिपरीला कधी गेलेच नव्हते. त्याचीही एक कहाणी होती आणि तिच्यातलं भोक त्यांना स्वतःला ठाऊक होतं. अबोलीने कृषी महाविद्यालयात बरोबर शिकलेल्या प्रशिकशी लग्न ठरवलं. प्रशिकच्या आजोबांनी छप्पन साली नागपुरात दीक्षा घेतलेली, घरची धानाची शेती, पोरगा शिकून परत शेतीवरच गेलेला. सगदेवांनी जातीचा चकार शब्द काढला नाही. ते म्हणाले, शिकलेला पोरगा गावात परत जातो म्हणजे काहीतरी गडबड आहे. लग्नात ते शांतपणे बसले, जेवले, घरी आले. मग त्यांनी आपल्या जुन्या कामातला विक्रम नावाचा माणूस गुपचूप पिपरीला पाठवला: जमीन कोणाच्या नावावर आहे, पोरगा पितो का, विचारून ये. विक्रम गावात शिरला आणि बांधावर भेटलेल्या पहिल्याच माणसाला त्याने हे सगळं विचारलं. तो प्रशिकच होता. त्याने सगळ्याची नीट उत्तरं दिली, वर चहा पाजला आणि एसटीपर्यंत सोडून आला.

त्या संध्याकाळी अबोलीचा फोन आला. "बाबा, तुम्ही जात काढली असती तर मी तोंडावर भांडले असते. तुम्ही माणूस पाठवला. घर पाहायचं असेल तर स्वतः या. तपासायचं असेल तर येऊ नका."

या गोष्टीला दोन वर्षं झाली. सगदेवांना मुलीची आठवण येई, पण जाऊन म्हणायचं काय, हे सुचत नसे. चारुशीलाबाईंनी एकदाच विचारलं होतं, हा तुमचा संशय होता की दुसरं काही?

तर उंच गाडी. उमरेड रोडवर गॅरेज चालवणाऱ्या अनंतने पत्ता दिला. कुहीला बळीराम म्हणून एक म्हातारे शेतकरी आहेत, त्यांच्याकडे जुनी फोर बाय फोर आहे, आणि त्यांना नेमकी लांब पाठीची गाडी पाहिजे आहे. बरोबरीत अदलाबदल, वरचा एक पैसा नाही. हे ऐकताच सगदेवांचे कान टवकारले. कोण शहाणा माणूस चार चाकं ओढणारी गाडी देऊन शववाहिका घेईल?

कुहीला बळीरामच्या अंगणात हिरव्या रंगाची ती उंच गाडी उभी होती. सगदेवांनी पत्र्यावर लोहचुंबक फिरवून पाहिला, कुठे पुट्टी भरली आहे का. चटई टाकून गाडीखाली शिरले. चॅसिसचा नंबर रॉकेलच्या बोळ्याने पुसून वाचला. खोट सापडली नाही. सापडली असती तर त्यांना बरं वाटलं असतं. बळीराम धोतराचा सोगा सावरत बाजूला उभे होते आणि मधूनमधून गाडीच्या बॉनेटवर हात फिरवत होते.

मग त्यांनी विचारायला सुरुवात केली. गाडी कुठं उभी करता जी? सावली हाय काय तिथं? घरी कोन कोन राह्यते? कोनाच्या हाती देनार? बाहेरगावी जाता तवा कोन पाह्यते तिले? सगदेव प्रत्येक प्रश्नागणिक सावध होत गेले. त्यांच्या हिशेबी हे सगळे चोराचे प्रश्न होते. घर किती वेळ रिकामं असतं, एवढंच तर म्हाताऱ्याला हवं होतं.

आणि मग चावी. बळीराम आत गेले आणि काळ्या दोऱ्यात ओवलेली एक चावी घेऊन आले. सगदेवांनी दुसरी मागितली.

"थे नाई देत," बळीराम म्हणाले. "थे घरी राह्यते."

"काहून?"

"रिवाज हाय जी."

सगदेवांनी चारुशीलाबाईंना बाजूला घेतलं आणि सांगितलं, सौदा मोडा, हा माणूस सरळ नाही. बाईंनी नुसतं बोट दाखवलं. लांबोडकीची मागची सीट पाडून तिथे गोधडी पसरली होती आणि बळीरामची बायको, बायजाबाई, त्यावर आडवी होऊन पाहत होती. तिच्या कमरेचं ऑपरेशन झालं होतं. नागपूरच्या दवाखान्यात दर पंधरा दिवसांनी जावं लागे आणि उंच गाडीत बसून येताना ती अर्ध्या वाटेवर रडायला लागे. आता पाठ टेकवून ती छताकडे पाहत होती, चेहरा मोकळा झाला होता. तिला आपली गाडी पाहिजे, एवढंच आहे ते, चारुशीलाबाई म्हणाल्या आणि त्यांनी कागदांवर सही केली. लांबोडकी बाईंच्याच नावावर होती.

सगदेव हिरवी गाडी घेऊन घरी आले आणि त्यांची झोप उडाली. अनंत म्हणाला, एवढी भीती वाटते तर कुलूप बदलून देतो. सगदेवांनी नको म्हटलं, कुलूप बदललं तर चोर सापडणार कसा? ते इतवारीच्या बाजारात गेले, जनावराला बांधतात तशी जाड साखळी आणली आणि गाडीचं पुढचं चाक पार्किंगच्या खांबाला जखडून टाकलं. साखळीच्या कुलपाची चावी जानव्याला अडकवली. गेटवरच्या नत्थूजींना म्हाताऱ्याचं वर्णन सांगून ठेवलं आणि हा माणूस दिसला की आधी गेट बंद करा, मग मला हाक मारा, असं बजावलं.

त्या आठवड्यात चारुशीलाबाईंना पिपरीला जायचं होतं. सगदेवांनी साखळी काढू दिली नाही, आधी काय ते उघडकीला येऊ दे म्हणाले.

"गाडी पिपरीला जायला घेतली की खांबाला बांधायला?" बाईंनी विचारलं, आणि दोन दिवस त्या नवऱ्याशी कामापुरतंच बोलल्या.

मग एका दुपारी नत्थूजी धापा टाकत जिन्याने वर आले. "साहेब, आला बा थो. गाडीत बसून हाय. दार उघडलं त्यानं."

सगदेवांना त्या क्षणी जो आनंद झाला तो सांगायलाही लाज वाटावी असा होता. इतकी वर्षं ज्यांनी ज्यांनी त्यांना संशयी म्हणून हसण्यावारी नेलं, त्या सगळ्यांना आता तोंडात बोट घालावं लागणार होतं. त्यांनी चपला घातल्या, मोबाइलमध्ये पोलिसांचा नंबर काढून ठेवला आणि तरातरा खाली गेले. मागून चारुशीलाबाईही आल्या.

बळीराम ड्रायव्हरच्या सीटवर बसले होते. दोन्ही हात स्टीअरिंगवर, दुसरी चावी दाराच्या कुलपातच लटकत होती. बाजूच्या सीटवर ताडपत्रीची मोठी घडी होती. सगदेवांना पाहून ते हळूच उतरले आणि त्यांनी हात जोडले. पळायची त्यांना काही घाई दिसली नाही.

"काय करून राहिले तुम्ही इथे?" सगदेवांनी विचारलं.

"पाहाले आलो जी," बळीराम म्हणाले. "जनावर देल्लं त आठ दिसांत एक खेप पाहाले जा लागते. खाते का नाई, सावलीत बांधलं का उन्हात. तुमी म्हनले होते सावली नाई, म्हनून हे शिवून आनली." त्यांनी ताडपत्री दाखवली. गाडीच्या मापाची होती, कडेने दोरा भरलेला, चारी कोपऱ्यांना बंद.

"आणि ही चावी?"

बळीराम जरा गोंधळले. इतकी साधी गोष्ट कशी सांगायची, असं त्यांना वाटलं असावं. "बैल इकला तरी दावं कोनी देत नाई ना जी. दावं घरीच राह्यते. थे गेलं त घरची बरकत जाते. हिले काय दावं नाई. मंग चावी ठेवली."

बळीराम वाकले, चाकाला गुंडाळलेली साखळी त्यांनी हातात घेतली आणि सोडून दिली.

"तुमी त हिच्या पायाले साखळी घातली," ते म्हणाले. "पळते काय थे?"

नत्थूजी दुसरीकडे पाहू लागले. सगदेवांनी मोबाइल खिशात घातला. त्यांच्या डोक्यात इतक्या दिवसांची सगळी साक्ष एकदम फिरली: सावली आहे का, घरी कोण असतं, कोणाच्या हाती देणार. प्रश्न तेच होते आणि म्हातारा तोच होता. चुकला होता तो ऐकणारा.

बळीरामच्या आता कुठे प्रकार ध्यानात आला. त्यांचा चेहरा उतरला. कुलपातली चावी काढून त्यांनी पुढे केली. "तुमाले भेव वाटत असन त घ्या मंग."

चार दिवसांपूर्वी सगदेवांनी ती झडप घालून घेतली असती. आता त्यांना हात पुढे करवेना. "राहू द्या," ते म्हणाले. "रिवाज आहे ना, राहू द्या तुमच्याकडे."

चारुशीलाबाई म्हाताऱ्याला वर घेऊन गेल्या. चहा झाला. बायजाबाई आता दवाखान्यात झोपून येते-जाते, वाटेत एकदाही रडली नाही, असं बळीराम सांगत होते. मग त्यांनी सहज विचारलं, लेकरंबाळं किती. चारुशीलाबाई म्हणाल्या, एक मुलगी, तुमच्याच पलीकडे, पिपरीला.

"मंग त घरचेच झालो आपन," बळीराम खुलले आणि सगदेवांकडे वळले. "कसं हाय जी पोरीचं घर? गावात हाय का वावराले लागून?"

सगदेवांनी बायकोकडे पाहिलं. चारुशीलाबाई कपात चहा ओतत होत्या. त्यांनी मान वर केली नाही आणि मदतही केली नाही.

"वावराला लागून आहे," सगदेव म्हणाले. "चांगलं आहे."

"मंग बेस हाय," बळीराम म्हणाले आणि बशीतला चहा फुंकू लागले.

त्यांनी ते खरं धरलं होतं. जन्मभर लोकांच्या थापा पकडणाऱ्या माणसाने एक धडधडीत थाप मारली आणि समोरच्याने एकही प्रश्न न विचारता ती ठेवून घेतली. सगदेवांना आपल्या घरात आपल्याच खुर्चीवर बसवेना. दिलेल्या गाडीला उन्हात त्रास होत असेल म्हणून म्हातारा एसटीने कुहीहून आला होता. आणि इथे दोन वर्षं, मुलगी कुठल्या छपराखाली झोपते ते बापाने पाहिलं नव्हतं. एवढंच सत्य होतं आणि त्यात कुठे भोक नव्हतं.

ते उठले. खाली जाऊन जानव्याची चावी काढली आणि साखळी सोडली. वर येऊन बळीरामना म्हणाले, चला, मी सोडतो कुहीला. चारुशीलाबाई जिन्यापर्यंत आल्या. तुम्हीही चला, सगदेव म्हणाले.

"मी आज येत नाही," त्या म्हणाल्या. "कुहीहून पिपरी काही लांब नाही." आणि आत निघून गेल्या.

वाटेत बळीरामनी गाडीच्या खोडी सांगितल्या. तिसरा गिअर टाकताना जरा थांबा, गरम झाली की रागावू नका. कुहीला त्यांना उतरवलं तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. बळीराम पुन्हा एकदा बॉनेटवर हात फिरवून घरात गेले. सगदेवांना इथून वळून घरी जाता येत होतं. कोणी विचारणारही नव्हतं, कारण पिपरीला जातो असं ते अजून कोणालाच बोलले नव्हते.

त्यांनी चारही चाकांचा दांडा ओढला आणि गाडी कच्च्या रस्त्याला घातली. चाकोऱ्या आल्या, नाला आला, कोरड्या रेतीत चाकं क्षणभर फिरली आणि गाडी रडतखडत पलीकडे चढली. बकऱ्या घेऊन जाणाऱ्या एका बाईने प्रशिकचं घर दाखवलं. ते गावातच होतं, वावराला लागून नव्हतं.

अबोली अंगणात वाळत घातलेले कपडे काढत होती. पोट चांगलंच दिसत होतं आणि ती एक हात कमरेवर ठेवून वाकत होती. अनोळखी हिरवी गाडी पाहून ती थांबली. मग तिने उतरणाऱ्या माणसाला ओळखलं आणि तिचा हात दोरीवरच्या कपड्यावर तसाच राहिला.

"आई कुठे आहे? आईला काय झालं?"

"आई घरी आहे. बरी आहे."

"मग तुम्ही काहून आले?"

सगदेवांकडे कहाणी तयार होती. बळीरामची, चावीची, कुहीला कोणालातरी सोडायला आलो होतो म्हणून सहज इकडे वळलो, अशी. सगळी खरी होती. पण अशा सहज वळलेल्या कहाण्या त्यांनी फार ऐकल्या होत्या.

"तुला पाहायला आलो," ते म्हणाले.

अबोली त्यांच्या तोंडाकडे पाहत राहिली. तिची नजर त्यांचीच होती. ओठ हलतात का, डोळे कुठे जातात, हे ती नेमकं तिथेच पाहत होती जिथे ते पाहत आले होते. दोन वर्षांनी दारात आलेल्या बापावर तिचा काडीचाही विश्वास बसला नव्हता. तिने मोबाइल काढला आणि आईला फोन लावला.

"आई, बाबा आलेत इथे," ती म्हणाली. "खरं सांग, काय तपासायला पाठवलंस यांना?"

मग ती ऐकत राहिली. सगदेव ओट्याच्या पायरीशी उभे राहिले. घरातून प्रशिक पाण्याचा गडवा घेऊन आला, बसा म्हणाला, पण ते बसले नाहीत. पाणी मात्र प्यायले. चारुशीला काय सांगते आहे ते ऐकू येत नव्हतं, आणि आयुष्यात पहिल्यांदाच, कोणीतरी आपल्या बाजूने दोन शब्द बोलावेत, असं त्यांना मनापासून वाटत होतं.

अबोलीने फोन ठेवला. ती हसली नाही.

"या," ती म्हणाली. "चपला तिथे काढा."

सगदेवांनी चपला काढल्या. किती दिवस ते घर त्यांनी मनात चितारलं होतं, भिंती कशा असतील, चूल की गॅस, पोरीने पुस्तकं कुठे ठेवली असतील. आता ते सगळं समोर होतं. ते आत शिरले ते मान खाली घालून, पायापुरती जमीन पाहत. इकडेतिकडे नजर गेली तर तिला वाटलं असतं, तपासून राहिले.